ओरडेल त्याची तार

माझा दादा पाच महिन्यांपासून बोलायला शिकत होता. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. आणि तेही ज्याने जन्मभर बोलून बोलून आमचे कान किटवले, त्या माणसाने. चाळीस वर्षं छापखान्यात काढलेली, त्यामुळे मशीनच्या आवाजावर बोलायची सवय. घरात नुसतं 'मीठ दे' म्हणाला तरी शेजारी दचकायचे. एका सकाळी दाढी करता करता कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्याला समजतं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत येऊन अडकतो, आणि मग तो आपल्याकडे असा बघत राहतो की तिथून उठून जावंसं वाटतं.

मी उठून जायचो. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकताना उगाच मला चांगला माणूस समजाल.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पहिले सहा महिने. बोलणं जे काही परत यायचं ते बहुतेक ह्यातच येतं. सराव एक दिवस चुकवू नका." हा सराव घ्यायची माझी पुतणी, दादाची एकुलती एक. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि पुतणी नोकरीसाठी विमानाने अकरा तासांवर. म्हणून दादाला शुश्रूषा केंद्रात ठेवलेला, दुसऱ्या मजल्यावर, बारा नंबरच्या खोलीत. पलंगासमोर भिंतीवर एक स्क्रीन लावलाय. रोज दुपारी चारच्या ठोक्याला पोरगी त्यावर यायची, तोंड मोठं करून 'मा' म्हणायची, 'पा' म्हणायची, आणि दादा तिच्या ओठांकडे डोळे लावून तोंड हलवायचा. तिसऱ्या महिन्यात 'मा' आला. त्या दिवशी तिने मला फोन केला तेव्हा तिला रडणं आवरत नव्हतं. मीही गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती.

आता माझं काम. मी नेटवर्कवाला. तारा ओढतो, स्विच बसवतो, कॅमेरे लावतो. ह्या केंद्राचंही सगळं माझ्याकडेच आहे. दादा तिथे आला त्याच आठवड्यात त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात मी स्वतः शिडीवर चढून कॅमेरा लावला. खाली दादा पडलेला, छताकडे बघत. मला काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो, "दादा, हा माझा डोळा समज. मी फोनवर बघत असतो. काही लागलं तर इकडे बघून हात कर. मी आलोच."

त्याने डावा हात उचलून दाखवला. म्हणजे समजलं.

सुरुवातीला मी खरंच बघायचो. जेवताना, सिग्नलला थांबलो की. मग दिवसातून एकदा. मग आठवण झाली की. माणूस कसा सुटतो ना एकेका गोष्टीतून, त्याचं त्यालाही कळत नाही.

तर मागच्या महिन्यात केंद्राच्या मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला. कोणी एक पाहुणा लॉबीत बसला होता, केंद्राचं वायफाय त्याच्या फोनवर चालू, आणि चाळा म्हणून इकडे तिकडे बोटं मारता मारता त्याच्या फोनवर कॅमेरेच उघडले. एका आजींना कपडे बदलायला मदत चालली होती, ते त्याला दिसलं. माणूस सभ्य निघाला, त्याने लगेच ऑफिसात येऊन दाखवलं. दुसरा कोणी असता तर?

"तुम्ही लावलेले कॅमेरे आहेत," मॅडम म्हणाल्या.

तोंडात मारल्यासारखं झालं. चूक माझीच होती. पाहुण्यांचं वायफाय, ऑफिसातले संगणक, कॅमेरे, सगळं मी एकाच नेटवर्कवर ठेवलं होतं. 'नंतर वेगळं करू' म्हणून ठेवलं, आणि नंतर कसलं काय.

सोमवारी सकाळी गेलो. तळमजल्यावर जिन्याखाली एक कपाट आहे, त्यात स्विच, म्हणजे इमारतीतल्या नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात तो डबा. चोवीस पोर्टांचा, म्हणजे चोवीस तारा खुपसायची भोकं. काम समजायला सोपं आहे. एकाच घरात भावाभावांनी चुली वेगळ्या मांडाव्यात तसं. छप्पर एक, दार एक, पण ह्याचं त्याला दिसत नाही. स्विच एकच राहतो, तारा त्याच राहतात, फक्त प्रत्येक पोर्टला सांगायचं की बाबा तू कुठल्या चुलीवरचा. मी ऑफिसला दिला नंबर दहा, कॅमेऱ्यांना वीस, पाहुण्यांना तीस. वीस नंबरचं चित्र फक्त मॅडमच्या खोलीतल्या एका पडद्यावर दिसणार आणि रेकॉर्डरमध्ये साठणार. बाकी कुणालाही नाही. फोनवरून बघायची जी वाट होती तीही बुजवली. माझ्या फोनवरचीसुद्धा. मॅडमना मी ऐटीत सांगितलं, "आता मलाही दिसणार नाही. नियम म्हणजे नियम."

ते बोलताना मला दादा आठवला नाही. खरंच नाही आठवला.

आणि चौथं नेटवर्क, नऊशे नव्याण्णव. हे कुठेच जात नाही. ज्या पोर्टांचा मालक माहीत नाही ती पोर्टं आम्ही ह्यात टाकतो, म्हणजे कोणी भलत्याने तार खुपसली तरी त्याला काही मिळू नये. त्याला मी अडगळ म्हणतो.

एकेक तार बघत गेलो. सगळ्यांवर पट्ट्या चिकटवलेल्या, सगळ्या माझ्याच अक्षरात. 'जिना कॅमेरा', 'स्वयंपाकघर कॅमेरा', 'हिशेब', 'वायफाय वरचा मजला'. एकोणीस नंबरवर मात्र काहीच नाही. पांढरी तार, पट्टी नाही, दिवा हिरवा, मधूनच लुकलुकणारा. म्हणजे दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत होतं. डोक्यात तिडीकच गेली. कुठल्या गाढवाने पट्टी न लावता तार घुसवली माझ्या स्विचमध्ये? मॅडमना विचारलं, त्यांना माहीत नाही. हिशेबाच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आमचं तर चालतंय की हो." तार वर छतात वीस तारांच्या जुडग्यात शिरलेली. ती शोधायची म्हणजे अर्धा दिवस शिडीवर.

अशा वेळी आम्ही सगळे नेटवर्कवाले एकच करतो. तार बंद करायची आणि कान देऊन बसायचं. ज्याची असेल तो ओरडत येतो. आठवडाभर कोणी ओरडलं नाही तर तार मेलेली समजायची आणि काढून टाकायची. पंचवीस वर्षांत ह्या युक्तीने मला कधी दगा दिला नाही. कुठल्याही ऑफिसात दोन मिनिटांत कोणीतरी तणतणत येतंच.

एकोणीस नंबर अडगळीत टाकला. दिवा हिरवाच राहिला, अडगळीत टाकलं तरी तो विझत नाही. दहा मिनिटं वाट बघितली. कोणी आलं नाही. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

कपाट झाडून घेतलं. तळाशी धुळीत एक कागदी पट्टीचा सुकलेला तुकडा पडला होता, डिंक वाळलेला, शाई उडालेली. तो कचऱ्यात टाकला. सामान आवरलं, वर जाऊन दादाला भेटावं असं मनात आलं. मग म्हटलं, आत्ता त्याच्या जेवणाची वेळ, मग झोपेल. लिफ्ट समोर उघडी होती. मी बाहेरच्या दाराने निघालो.

दुसऱ्या दिवशी मी एका कारखान्याच्या कामाला बाहेरगावी गेलो. तिथेच पुतणीचा निरोप आला: 'काका, बाबांचा स्क्रीन लागत नाहीये कालपासून. जरा बघता का?'

मी शिडीवर होतो, हातात पक्कड, तोंडात स्क्रू. एका अंगठ्याने लिहिलं: 'बंद करून चालू करायला सांग.'

दिवसातून वीस लोकांना मी हेच लिहितो. आणि दादाचा स्क्रीन वायफायवर चालतो असं मी धरून चाललो होतो, कारण चार महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर वायफाय मीच बसवलं होतं. वायफायला तर मी सोमवारी हात लावला तो फक्त नंबर द्यायला. मग त्याचा माझ्याशी काय संबंध? असं डोकं चाललं माझं.

सातव्या दिवशी परत निरोप: 'काका, केंद्रात फोन केला तर म्हणतात बाबा झोपलेत. रोज चारला झोपलेले कसे? सराव चुकतोय.' मी लिहिलं: 'आलो की बघतो.' ती पोर बिचारी गप्प बसली. तिला वाटलं, काका त्यातले जाणकार आहेत, काकांनी हातात घेतलंय.

नऊ दिवसांनी मी केंद्रात परतलो. एकोणीस नंबरसाठी. आठवडा उलटला होता, कोणी ओरडलं नव्हतं, तेव्हा नियमाप्रमाणे मेलेली तार काढायची होती. तीन वाजता शिडी लावली आणि छताच्या फळ्या सरकवत तारेमागे निघालो. मॅडमच्या खोलीवरून ती जिन्याकडे गेली. जिन्यातून वर दुसऱ्या मजल्यावर. तिथे उजवीकडे वळली. तोंडाने मी शिव्या घालतच होतो त्या पट्टी न लावणाऱ्याला. नऊ नंबर गेला, दहा गेला. अकरा नंबरच्या दारावर आलो आणि माझ्या शिव्या बंद पडल्या.

बाराच्या दारावर भिंतीत एक भोक होतं, पुट्टीने बुजवलेलं. घाईघाईत बुजवलेलं, कारण पुट्टीवर अंगठ्याचा ठसा उमटला होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

दादाला इथे आणला त्या दिवशी वर वायफाय नव्हतं. मीच ती तार ओढली होती, एका तासात, डोळे पुसत पुसत. कागदी पट्टीवर 'दादा' असं लिहून ती चिकटवली होती. प्लास्टिकची पट्टी गाडीत होती, पण खाली जायचा कंटाळा केला. वायफाय आल्यावर स्क्रीन त्यावर घ्यायचा होता, तेही राहिलं. मी सगळं साफ विसरलो होतो. आणि ती पट्टी नऊ दिवसांपूर्वी मीच कचऱ्यात टाकली होती.

खोलीत गेलो. दादा झोपला होता. दुपारचे साडेतीन, आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. समोर काळा स्क्रीन.

खाली पळत गेलो. एकोणीस नंबरला दहाच्या नेटवर्कमध्ये घेतलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पुतणीला लिहिलं: 'चार वाजता ये. लागेल आता.'

चारला ती आली. "बाबा! बाबा, दिसतेय ना मी?" तिचा चेहरा भिंतभर. मी दादाला हलवलं, त्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि डोळे मिटले. ती म्हणाली, "बाबा, मा. म्हणा, मा." पुन्हा म्हणाली. दहा-बारा वेळा म्हणाली. दादाचे ओठ जरासुद्धा हलले नाहीत. ओठाच्या कडेतून लाळ आली, ती मी पुसली.

"काका, ह्यांना काय झालंय?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

त्या मजल्यावरच्या मावशी दादाचं सगळं करतात, अंघोळीपासून भरवण्यापर्यंत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मागच्या सोमवारपासून काय झालं कोण जाणे, चार वाजले की पलंगाच्या दांडीवर हात आपटायचे. स्क्रीनकडे बोट करायचे. मी बंद करून चालू केला, तुमच्या पुतणीने सांगितलं तसं. पण काही लागेना. मग जास्तच आपटायचे. हात सुजला, बघा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी शांत राहायचं औषध दिलं. आता छान झोपतात."

दादाचा डावा हात बघितला. करंगळीच्या खालची कड काळीनिळी पडलेली. तो ओरडत होता हो. त्याच्याकडे जे होतं त्याने तो ओरडत होता. आणि मी कान देऊन बसलो होतो म्हणे.

मॅडमच्या खोलीत जाऊन रेकॉर्डर उघडला. त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बुधवारी, गुरुवारी ते कॅमेऱ्याकडे बघून हात करत होते, मला पडद्यावर दिसलं. मला वाटलं, हाताचा व्यायाम करतायत. म्हटलं, बरी प्रगती आहे." त्यांना तरी काय बोलणार? त्यांना कुठे माहीत होतं, त्या हात करण्याचा अर्थ काय.

सोमवार, चार वाजता. दादा स्क्रीनकडे बघतोय. चार वाजून दहा मिनिटं, अजून बघतोय. मग दांडीवर हात. मावशी येतात, उशी सारखी करतात, जातात. मंगळवार, तसंच. बुधवारी त्याने स्क्रीनचा नाद सोडला. मान वळवली, कोपऱ्यात वर बघितलं. थेट माझ्याकडे. हात उचलला आणि हलवला. थांबला. परत हलवला. मिनिटं मोजली मी, बावीस. मध्येच तोंड हलत होतं. कॅमेऱ्यात आवाज नाही, आवाजाचे कॅमेरे महाग म्हणून आम्ही घेतलेच नव्हते. मी चित्र मोठं केलं. जीभ वरच्या दातांना लागायची, मग तोंड मोठं उघडायचं. परत जीभ दातांना. परत तोंड उघडं. 'मा' नव्हता तो, 'मा'ला ओठ मिटावे लागतात. गुरुवारी तेच. शुक्रवारपासून औषध, आणि चार वाजता पांघरूण तेवढं दिसतं.

जिन्यात उभं राहून पुतणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी मी विचारलं, "तू त्याला कुठलं अक्षर शिकवत होतीस? जीभ दातांना लावायचं?"

"धा," ती म्हणाली. "'धाकट्या' म्हणायचं होतं त्यांना, काका. सरावाच्या तक्त्यात नव्हतं ते. त्यांनीच तुमच्या फोटोकडे बोट करून करून मागितलं. तुम्ही आलात की म्हणायचं ठरलं होतं. 'धा' आला होता. स्क्रीन बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी, रविवारीच आला होता."

धाकट्या. ह्या जगात मला एकच माणूस ह्या नावाने हाक मारायचा. गल्लीच्या टोकापासून मारायचा, आणि मी खेळ सोडून पळत यायचो.

औषध बंद केलं. डॉक्टर म्हणाले, अंगातून उतरायला वेळ लागेल, मग बघू. 'येईल का परत?' असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले नाहीत, माणूस चांगला आहे, पण 'हो'सुद्धा म्हणाले नाहीत. आता सहावा महिना संपत आलाय. पुतणी रोज चारला येते, 'मा' म्हणते, 'धा' म्हणते. दादा तिच्या ओठांकडे बघतो आणि मग खिडकीकडे बघतो. स्क्रीन आता वायफायवर घेतलाय, तारही ठेवलीय, तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची पट्टी लावलीय. करण्यासारखं तेवढंच होतं, ते केलं.

मी आता रोज जातो. उठून येत नाही. त्याला सांगितलंही, पलंगावर बसून, हात हातात घेऊन, "दादा, तार मीच बंद केली. तू हात करत होतास, मी बघितलं नाही." तो बघत राहिला. त्याला समजलं की नाही, मला सांगता येत नाही. पूर्वी डोळ्यांतून कळायचं.

परवा त्याला पाणी हवं होतं. ओठ सुकले होते. मी खुर्चीवर, हातभर अंतरावर बसलेलो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मान वळवली, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तोच डावा हात उचलून हलवला. धाकट्या तिथे आहे असं धाकट्यानेच त्याला सांगितलं होतं ना.

मी पाणी पाजलं. मग खुर्ची उचलली आणि कॅमेऱ्याच्या बरोबर खाली नेऊन ठेवली. आता मी तिथेच बसतो.